लूप संपला, पट्टी कुठाय?

आमच्या धंद्यातलं सगळ्यात फसवं वाक्य कुठलं असं कुणी विचारलं तर मी 'ऑल आयटम्स कम्प्लीटेड' हे सांगेन. एरर मेसेज बिचारे फसवत नाहीत. ते लाल कपडे घालून येतात, तोंडावर भांडतात, रात्री दोनला उठवतात, पण निदान खरं बोलतात. हे वाक्य मात्र गोड बोलून घरी पाठवतं. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ते स्क्रीनवर दिसलं की लॅपटॉप मिटायचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही.

ज्यांचा या भानगडींशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) सर्व्हरवरची तीच ती कामं हाताने करायची नसतील तर त्यासाठी अ‍ॅन्सिबल नावाचं एक साधन आहे. मायकेल डिहान या गृहस्थाने २०१२ साली ते आणलं, २०१५ मध्ये रेड हॅटने ती कंपनीच विकत घेतली. नाव अर्सुला ले ग्विनच्या विज्ञानकथेतलं आहे. तिथे अ‍ॅन्सिबल म्हणजे कितीही लांबच्या ग्रहाशी क्षणात बोलता येईल असं यंत्र. तर या अ‍ॅन्सिबलला आपण एक यादी देतो, म्हणजे चाळीस फाइली किंवा चाळीस युजर किंवा चाळीस डेटाबेस, आणि म्हणतो की बाबा रे, यातल्या प्रत्येकावर अमुक काम कर. हा झाला लूप. आणि काम झाल्यावर काय झालं ते एका नावाखाली लिहून ठेव, असंही सांगता येतं. त्या सोयीचं नाव आहे 'रजिस्टर'. मला हे नाव फार आवडतं. आपल्याकडे शाळेपासून सोसायटीच्या गेटपर्यंत सगळीकडे रजिस्टर असतं, त्यामुळे समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी की लूपचं रजिस्टर आणि साध्या कामाचं रजिस्टर यात फरक आहे, आणि नवीन मुलं हमखास इथेच अडकतात. साधं काम असेल तर रजिस्टरमध्ये एकच निकाल असतो: झालं की नाही, काही बदललं का, आउटपुट काय आलं. लूप असेल तर आत 'रिझल्ट्स' नावाची एक यादी असते, आणि प्रत्येक आयटमचा निकाल तिथे स्वतंत्र ओळीत असतो. ही ओळ कुणाची हे सांगणारं आयटमचं नावसुद्धा त्याच ओळीत असतं. वरती जो एकत्र निकाल दिसतो तो या सगळ्यांचा गोषवारा. चाळीसातलं एक जरी फेल झालं तरी वर 'फेल्ड' दिसतं. एक जरी बदललं तरी वर 'चेंज्ड' दिसतं. पण एकच फाइल लोड झाली, बाकीच्या एकोणचाळीस कुठल्याशा अटीमुळे वगळल्या गेल्या आणि फेल कुणीच झालं नाही, तर? तर वर लिहिलेलं असतं, ऑल आयटम्स कम्प्लीटेड. आणि ते खोटंही नाही! सगळ्या आयटम्सवरून हात फिरवून झालाय ना? झालाय. मग?

शेवटी जो हिशेब छापून येतो, त्याला रीकॅप म्हणतात, तो तर आणखी मजेदार. तो टास्क मोजतो, आयटम नाही. चाळीस फाइलींचा लूप तिथे 'एक' म्हणून मोजला जातो. म्हणजे मॅनेजरला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये त्या चाळीस फाइलींचं अख्खं नशीब एका आकड्यात मावतं.

हे सगळं मला एरवी कोरडं वाटलं असतं. पण माझं आजोळ घोडेगावच्या बाजूचं आहे.

घोडेगाव म्हणजे नेवासा तालुक्यातलं, नगरहून संभाजीनगरकडे जाताना लागणारं गाव. बहुतेक लोकांना ते फक्त 'शनीशिंगणापूरला इथून वळायचं' एवढ्यापुरतं माहीत असतं. पण नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर, पण मामांच्या तोंडी अजून नगरच) शेतकऱ्याला विचारा, तो दोन गोष्टी सांगेल: जनावरांचा बाजार आणि कांदा. नेवासा बाजार समितीचा उपबाजार तिथे आहे आणि कांद्याच्या गोण्यांच्या थप्प्यांनी ते आवार कसं भरून जातं ते एकदा बघावंच.

तो लिलाव मी लहानपणापासून बघत आलोय आणि आता तो मला चक्क लूपसारखा दिसायला लागलाय. (व्यावसायिक आजार, दुसरं काय.) ओळीने वक्कलं लावलेली असतात. वक्कल म्हणजे एका शेतकऱ्याचा एका प्रतीचा माल. गोणी फोडून कांदा बघायचा, बोली लागते, भाव ठरतो, लगेच पुढच्या वक्कलावर. मोठा कांदा, मध्यम, गोल्टी, जोड, प्रत्येकाचा भाव वेगळा. एकाच शेतकऱ्याच्या एकाच ट्रॉलीतल्या मालाला तीन भाव मिळू शकतात. मग तोलाई, हमाली वगैरे वजा होऊन शेतकऱ्याच्या हातात येते ती हिशोबपट्टी. नाव, वजन, भाव, कपात, हातात किती. आयटम आणि त्याचा निकाल, एका कागदावर.

आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काय येतं? घोडेगावात कांद्याला कमाल भाव अमुक. नीट वाचलं तर पुढे बारीक टायपात 'एक-दोन वक्कलांना' असंही असतं. पुण्यात बसून आपण फक्त मथळा वाचतो. मीही वाचतो. एकदा असाच मथळा वाचून उत्साहाने मामांना फोन केला होता.

"मामा, कांदा वाढला म्हणे घोडेगावात!"

"कुणाचा?"

"म्हणजे... पेपरात आलंय ना."

"आरं पन कुणाचा वाढला? एक-दोन वक्कलं गेली असतील त्या भावानं. आमची पट्टी पाहिली का तू?"

या 'कुणाचा?'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर लूपचा निकाल तपासायचा म्हणजे एवढा एकच प्रश्न विचारायचा असतो. झालं, बरं, पण कुणाचं झालं? नाही झालं, तर कुणाचं नाही झालं? नावं सांग.

माझा मुद्दा एवढाच आहे की लूपचा खरा आउटपुट म्हणजे ती नावांची यादी. हिरवी खूण ही त्या यादीची जाहिरात आहे फार तर. आणि ज्या स्क्रिप्टमधून ती यादी बाहेर काढता येत नाही ती स्क्रिप्ट अर्धवट आहे, मग ती कितीही वर्षं बिनबोभाट चालत असो.

'बिनबोभाट' शब्द मुद्दाम वापरला. मी एका प्रोजेक्टवर गेलो तेव्हा तिथे आधीपासून एक काम रोज रात्री चालायचं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांच्या फाइली यायच्या, त्या एकेक करून लोड व्हायच्या आणि दर दहा दिवसांनी त्यावरून दूधबिलं खात्यात जायची. क्लायंट कोण ते सोडा. स्क्रिप्ट जुनी, कुणीतरी लिहून सोडून गेलेला. एका गावाची फाइल काही कारणाने रिकामी आली. रिकामी फाइल वगळायची अशी अट स्क्रिप्टमध्ये होतीच, कारण कधीकाळी रिकाम्या फाइलीने लूप कोसळला होता आणि कुणीतरी त्यावर हा उपाय काढला होता. झालं, फाइल वगळली गेली, फेल कुणीच नाही, डॅशबोर्ड हिरवा. पुढचे दोन दिवस त्याच गावाचं तेच. बिलाचा दिवस आला आणि त्या गावातल्या लोकांना तीन दिवसांचं दूध कमी धरून पैसे मिळाले. आमच्या कुठल्याही मॉनिटरिंगने हे पकडलं नाही. पकडलं ते केंद्राच्या सेक्रेटरीने, कारण सकाळी सहा वाजता लोक किटल्या घेऊन त्याच्या दारात उभे होते.

आता त्या केंद्रावर बघा. तिथे रोज दोन वेळा हाच लूप चालतो. किटली येते, सँपल काढतात, फॅट, एसएनएफ, लिटर, भाव, चिठ्ठी हातात. दूध नापास झालं तरी कुणाचं नापास झालं ते कळतं, कारण तो माणूस समोरच उभा असतो. चिठ्ठी मिळाल्याशिवाय तो हलत नाही. आमच्या लूपमध्ये समोर कुणी उभं नसतं. फाइल काही तोंड उघडून विचारत नाही की माझं काय झालं. म्हणून तिच्या वतीने विचारणारं कुणीतरी स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवावं लागतं.

तुम्ही म्हणाल, दूधबिल ठीक आहे, चार दिवसांनी मिळालंच असेल. मिळालं. पण हाच लूप सरकारच्या आकाराचा झाला की काय होतं तेही आपण बघितलंय.

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाखापर्यंतचं कर्ज माफ, आकडा ३४ हजार कोटींचा. अर्ज ऑनलाइन. दिवाळीत, १८ ऑक्टोबरला, प्रमाणपत्रं वाटायला सुरुवात झाली. आणि मग लक्षात आलं की अर्जातली माहिती आणि बँकांकडची माहिती जुळत नाहीये, एकच आधार क्रमांक भलत्याच अनेक खात्यांना चिकटलाय. याद्या पुन्हा तपासायची वेळ आली. 'ग्रीन लिस्ट' हा शब्द तेव्हा गावागावांत पोचला. पिवळ्या यादीत नाव आलेले लोक तालुक्याला खेटे घालत होते. (अ‍ॅन्सिबलच्या स्क्रीनवरही हिरवं, पिवळं, लालच असतं. वगळलेल्यांसाठी तिथे निळसर रंग आहे. पारावर बसलेल्या माणसाला आपला रंग कुठला हे कुणी सांगत नव्हतं, एवढाच फरक.)

एकूण रक्कम किती, एकूण शेतकरी किती, हे तेव्हा रोज टीव्हीवर दिसायचं. पेपरातला कमाल भाव आणि हे आकडे एकाच जातीचे. 'माझं काय?' या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यांत नव्हतं.

दुसऱ्या वेळी पद्धत बदलली. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० ला लागली. ती अख्ख्या राज्याची नव्हती. फक्त ६८ गावं, १५,३५८ शेतकरी. त्यात आमच्या जिल्ह्यातली दोन गावं होती, नगर तालुक्यातलं जखणगाव आणि राहुरी तालुक्यातलं ब्राह्मणी. घोडेगावहून शिंगणापूरमार्गे राहुरीकडे निघालं की वाटेत ब्राह्मणी लागतं, त्यामुळे आजोळी तेव्हा त्याची चर्चा भरपूर.

राजकारण बाजूला ठेवा (मला त्यात पडायचंच नाहीये), फक्त इंजिनियर म्हणून त्या रचनेकडे बघा. आधी थोड्या गावांवर लूप चालवला. प्रत्येक नावाला स्वतंत्र विशिष्ट क्रमांक दिला. यादी गावात लावली. शेतकऱ्याने बँकेत किंवा आपले सरकार केंद्रात जायचं, अंगठा लावून आधार पटवायचं आणि स्क्रीनवर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही ते सांगायचं. मान्य नसेल, आधार चुकीचं असेल, तर ती केस जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. म्हणजे आयटमगणिक ओळख, आयटमगणिक निकाल, फेल झालेल्यांसाठी वेगळी वाट, आणि सगळ्यात भारी म्हणजे 'झालं' हे मशीनने नाही, ज्याचं काम आहे त्याने म्हणायचं. अडचणी त्यातही आल्या, पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन लागला आणि सगळंच थांबलं, ते वेगळं. पण ही रचना एखाद्याने मला डिझाइन रिव्ह्यूला दाखवली असती तर मी फार कमी कॉमेंट्स टाकल्या असत्या.

आता परत आपल्या स्क्रिप्टकडे.

पहिलं म्हणजे लूप मधेच थांबवू नका. अ‍ॅन्सिबल आपण होऊन थांबत नाही. तिसरा आयटम फेल झाला तरी चाळिसाव्यापर्यंत जाऊन मगच टास्क फेल म्हणतो, आणि ते बरोबरच आहे. तिसऱ्या वक्कलाला भाव पटला नाही म्हणून अख्खा लिलाव कुणी बंद करत नाही. पण मग लोक काय करतात, पुढची कामं अडू नयेत म्हणून 'इग्नोर एरर्स' लावतात आणि विसरतात. रीकॅपमध्ये फेल्ड शून्य आणि कोपऱ्यात इग्नोर्ड एक. कोपऱ्यात कोण बघतो? इग्नोर एरर्सला माझा विरोध नाही, पण त्याच्या पुढचाच टास्क असा हवा की जो रिझल्ट्सची यादी उघडेल, फेल झालेले चाळून काढेल, त्यांची नावं छापेल आणि एक जरी नाव निघालं तरी तिथे प्लेबुक थांबवेल. दोन टास्कची मिळून एक जोडी. पहिला एकटा दिसला की मी रिव्ह्यू परत पाठवतो, आणि टीममध्ये त्यावरून माझी भरपूर टिंगल होते.

चाळताना एक खोच आहे. वगळलेल्या आयटमच्या ओळीत रिटर्न कोडच नसतो. कमांड चाललीच नाही तर कोड कुठून येणार? तुम्ही सरळ प्रत्येक ओळीचा कोड तपासायला गेलात की स्क्रिप्ट 'असा अ‍ॅट्रिब्यूटच नाही' म्हणून आपटते, मग कुणीतरी वैतागून त्याला डीफॉल्ट शून्य लावतो. शून्य म्हणजे यश! म्हणजे जे काम झालंच नाही ते आता कागदोपत्री यशस्वी. दूधबिलाची फाइल याच वर्गातली. वगळलेल्यांची वेगळी यादी काढा, वेगळी छापा, आणि ती यादी अपेक्षेपेक्षा मोठी असेल तर ओरडा.

दुसरं, शून्य कोड आला म्हणजे काम झालं असंही नाही. डेटाबेसवाल्यांना हे सांगायला नको. एसक्यूएल प्लसला आधी बजावून ठेवलं नसेल तर आतली क्वेरी मेली तरी तो शून्य देऊन मोकळा होतो. पीएसक्यूएलला फाइल दिली तरी तेच, 'ऑन एरर स्टॉप' लावल्याशिवाय तो चुकांवरून उड्या मारत जातो. म्हणून 'फेल्ड व्हेन' लावून फेल कशाला म्हणायचं ते आपण ठरवायचं. लूपमध्ये ती अट प्रत्येक आयटमला स्वतंत्र लागते, हे फार उपयोगाचं आहे. फाइलीत जितक्या ओळी होत्या तितक्या टेबलात गेल्या का, हे विचारा. आउटपुटात 'सक्सेस' शब्द आहे का एवढंच विचारू नका, 'नो सक्सेस'मध्येही तो असतो :-)

शेल स्क्रिप्टमधला फॉर लूप तर याहून वाईट. लूप संपल्यावर डॉलर-प्रश्नचिन्ह बघितलंत तर तो फक्त शेवटच्या कमांडचा निकाल असतो. एकोणचाळीस मेले आणि चाळिसावा जगला तरी लूप पास. अशा स्क्रिप्टा आजही क्रॉनमध्ये चालू आहेत, तुमच्याही ऑफिसात असतील. प्रत्येक फेरीत निकाल धरून आयटमच्या नावासकट एका फाइलीत लिहिणं एवढं तीन ओळींचं काम आहे, पण ते कुणाच्या स्प्रिंटमध्ये बसत नाही.

इथे मला नेहमी ऐकवलं जातं की एवढं कोण बघतो, टीमवर विश्वास ठेव, अति अविश्वास बरा नाही. विश्वासाचं म्हणाल तर घोडेगावपासून हाकेच्या अंतरावर शिंगणापूर आहे, घरांना दारं नसणारं गाव. यूको बँकेने २०११ मध्ये तिथे शाखा उघडली तीही बिनकुलपाची म्हणून गाजली. पण म्हणून त्या शाखेत खातेदारांचं लेजर नसेल असं कुणाला वाटतं का? दार नसलं तरी चालेल. नोंद पाहिजे.

आणि ती नोंद जपूनही ठेवायला पाहिजे. हे आमच्या लोकांना खरंच पटत नाही. जॉब संपला, लॉग सात दिवसांनी पुसला. २०२३ सालचं कांदा अनुदान आठवा. भाव पडले म्हणून सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, असं जाहीर केलं. म्हणजे हिशोब सरळ, वर ७० हजार रुपये. आणि मागितलं काय? विक्रीची मूळ पट्टी. विक्री झाली त्या दिवशी तो कागद कुणाला महत्त्वाचा वाटला होता? पैसे हातात आले, पट्टी खिशात, खिसा धुण्यात. ज्यांनी खिळ्याला अडकवून ठेवली होती ते वाचले. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नाही म्हणून अडकलेलेही भरपूर. पैसे आले तेही हप्त्या-हप्त्याने, म्हणजे 'झालं' आणि 'नाही झालं' यांच्या मधलं 'थोडं झालं' हेही नोंदीत लागतंच. आमच्या बहुतेक स्क्रिप्टांमध्ये त्या तिसऱ्या खान्यासाठी जागाच नसते.

मामांच्या घरात पट्ट्यांचा तो खिळा अजून आहे. मी त्यांना म्हटलं, फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा. म्हणाले, "मोबाईल हरवंल. खिळा कुठं जातोय?" यावर काय बोलणार.

एक गोष्ट मात्र कुठल्याच रजिस्टरने पकडली जात नाही. लूपला दिलेली यादीच रिकामी असेल तर अ‍ॅन्सिबल शांतपणे 'यादीत काहीच नाही' असं नोंदवून पुढे जातो. फेल नाही, काही नाही. यादीत चाळीसऐवजी अडतीस नावं असतील तर तेवढंही बोलत नाही, अडतीसच्या अडतीस पास. उरलेली दोन कुठे गेली हे लूपला विचारून उपयोग नाही, कारण त्याने ती कधी बघितलीच नाहीत. म्हणून लूपच्या आधी एक अ‍ॅसर्ट हवा, आज किती नावं यायला पाहिजेत तो आकडा दुसऱ्या कुठल्यातरी स्रोतातून आणून यादीशी ताडणारा. दूधबिलाच्या प्रोजेक्टवर शेवटी आम्ही तेच केलं. चालू केंद्रांची संख्या मास्टर टेबलातून घ्यायची, त्या रात्री आलेल्या बिनरिकाम्या फाइली मोजायच्या, फरक दिसला तर गावांची नावं टाकून सकाळी साडेपाचला मेसेज. सहाच्या आत, किटल्या यायच्या आधी.

पण तो मास्टर टेबल बरोबर आहे हे कशावरून, हा प्रश्न उरतोच. तो बराच लांबचा विषय आहे, पुढच्या शनिवारी बघू. तोवर एक करा: आपल्या रेपोमध्ये ग्रेप मारून 'इग्नोर एरर्स' किती ठिकाणी सापडतं ते मोजा, आणि त्यातल्या कितींच्या पुढच्या टास्कमध्ये रिझल्ट्स उघडून बघितलेत तेही. आमच्याकडचे आकडे मी काढलेत. तुमचे कळवा, मग सांगतो.